लाल फुलीखालचा हात

दत्ताकाका,

इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ठरलं की अंकात तुमच्यावर कुणीतरी लिहायचं, आणि सगळ्यांनी माझं नाव पुढे केलं. काय लिहायचं तेही त्यांनीच सांगून टाकलं: काकांच्या हाताची चव, काकांचा हसरा चेहरा, कॅम्पातल्या मुलांवरची माया. ते मी लिहिणार नाही. चव होती. चेहरा फारसा हसरा नव्हता, आणि माया तुम्ही शिव्या घालून करायचात. मला तुमच्याशी वेगळंच बोलायचं आहे. ते तुमच्या तोंडावर बोलायला माझ्याकडे आठ महिने होते. मी बोलले नाही. आता तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले आणि मी कागद घेऊन बसले आहे. कागदावर मला सगळं जमतं, हे तुम्हीच म्हणायचात, आणि ते कौतुक नसायचं.

तीन वर्षांपूर्वी मी मुसफ्फाच्या तुमच्या लेबर कॅम्पात पहिल्यांदा आले ती व्हॉलंटिअर म्हणून, हात धुण्याचं पत्रक घेऊन. मेसच्या दारात उभी राहून वाटत होते. माणसं घेत होती, घडी करून खिशात घालत होती. तुम्ही, मेसच्या आचाऱ्याने, एकट्याने ते उभ्या उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत आणि साबणाच्या चित्रावर बोट ठेवलंत. "चित्र काढलंस, बाय. पण मोरीत साबण कोण ठेवता?" मी मोरीत जाऊन पाहिलं. साबण नव्हता. त्या दिवशी मी कंपनीला पहिला मेल केला, आणि त्यानंतर प्रत्येक पत्रक छापण्याआधी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लागले. तुम्ही दुरुस्त्या व्हॉइस नोटवर पाठवायचात, मागे कांदा परतल्याचा आवाज. मालवणी मला अर्धी कळायची. उरलेली बाबा समजावून सांगायचे आणि हसायचे.

टर्कीचं पत्रक मात्र मी तुम्हाला दाखवलं नाही. तिथूनच सगळं सुरू झालं.

गेल्या वर्षअखेरीला तुमच्या कंपनीच्या हेड ऑफिसला कामगारांचा पुळका आला. प्रत्येक खोलीला एक फ्रोझन टर्की, कोंबडीच्या चौपट मोठा पक्षी, नववर्षाची भेट. बावीस खोल्या, बावीस टर्क्या. एकेक पाच-साडेपाच किलोची, दगडासारखी. एका खोलीत आठ माणसं, आठ जणांत मिळून कमरेएवढा एक फ्रीज, आणि स्वयंपाकाला म्हणाल तर कॉमन किचनमधल्या गॅसच्या शेगड्या. एवढ्यावर त्यांनी टर्की दिली. देताना मॅनेजर लोकांनी फोटो काढून घेतले. सेफ्टी ऑफिसरने आम्हा व्हॉलंटिअर्सना फोन केला: उद्यापर्यंत एक लीफलेट द्या, टर्की सेफली कशी कुक करायची. मराठी आणि हिंदी माझ्याकडे आलं.

मी आमच्या सिलिकॉन ओएसिसच्या घरात, पंधराव्या मजल्यावर, ओव्हनसमोरच्या टेबलावर बसून ते लिहिलं. तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवून बर्फ उतरू द्या. धुऊ नका, पाण्याच्या शिंतोड्यांनी जंतू ओटाभर पसरतात. ओव्हन एकशे पासष्टवर. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसा. चौऱ्याहत्तर अंश दाखवल्याशिवाय बाहेर काढू नका. त्यात एकही वाक्य चूक नव्हतं. आजही नाही. त्याचा मला फार अभिमान होता.

मंगळवारी संध्याकाळी टर्क्या वाटल्या. गुरुवारी एक तारीख, सुट्टी. तीन दिवस कुठे होते, काका? हे गणित मी केलंच नाही. बुधवारी सकाळी तुमचा फोन आला.

"कागद बरो आसा," तुम्ही म्हणालात. "ओव्हन खय आसा?"

मी ऑफिसात होते. घाईत म्हटलं, बेकरीला विचारा ना. तुम्ही आधीच विचारलं होतं. रोट्या झाल्यावर दोन तास भट्टी देतो, वेळ झाली की पक्षी शिजो न शिजो बाहेर काढणार, असं बेकरीवाला म्हणाला होता. अर्धवट शिजलेला पक्षी गाडीतून आणून पुन्हा तापवायचा, म्हणजे तर आजाराला आमंत्रण. मग तुम्ही बाकीची बातमी दिलीत. एका खोलीतल्या पोरांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून ठरवलं होतं की अख्खी टर्की उकळत्या तेलात सोडायची. आत बर्फ असलेला पक्षी कढत तेलात टाकला तर तेल उसळून किचन पेटेल, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पत्रकाने तर नाहीच. माझ्या पत्रकात तेलाचा उल्लेखही नव्हता, कारण माझ्या घरी असं काही कुणी केलं नसतं.

आणि मग ते एसीचं. ते आठवलं की मला अजून स्वतःचीच लाज वाटते.

मराठी मुलांच्या पाच खोल्या गुरुवार पाळणाऱ्या. तुम्हीही पाळायचात. एक तारीख नेमकी गुरुवारी आली, म्हणून त्यांनी आपल्या टर्क्या शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला करायचं ठरवलं. फ्रीजमध्ये जागा नाही. तेव्हा जळगावच्या प्रकाशने डोकं चालवलं. टर्की कपाटावर ठेवली, बरोबर एसीच्या झोतासमोर, आणि रिमोट दाबून आकडा सोळावर आणला. बाकीच्या चार खोल्यांनी त्याचं पाहून तेच केलं. तुम्ही दार उघडलंत तेव्हा सगळे ब्लँकेटं गुंडाळून बसले होते. प्रकाश मोठ्या दिमाखात म्हणाला, "काका, सोळावर आहे. अख्खी खोलीच फ्रीज झाली."

तुम्ही त्याला काय म्हणालात ते इथे लिहिता येणार नाही. थोडक्यात असं की सोळा अंशात माणूस कुडकुडतो आणि जंतू मजेत राहतात. तीन दिवस ती टर्की तिथे राहिली असती तर शनिवारी चाळीस माणसं संडासाच्या रांगेत असती. मी याच देशात वाढले, माझं अर्धं आयुष्य एसीखाली गेलं. इथला माणूस एसीला फ्रीज समजू शकतो हे मला सुचलं नाही. तुम्हाला खोलीत शिरल्यावर दिसलं.

बुधवारी दुपारपर्यंत तुम्ही बावीसच्या बावीस टर्क्या मेसमध्ये गोळा केल्यात. काही जण द्यायला तयार नव्हते. भेट आमची, मेसवाल्याने का न्यायची. एकाने विचारलं की हा कोंबडीचा कोण लागतो, एवढी काळजी कशाला, आणि तुम्ही म्हणालात, "आजो लागता. आजयाचो मान ठेव." एकेक टर्की दाबून पाहिलीत. वरून जेमतेम ओलसर, आत दगड, म्हणजे अजून वेळ गेलेली नव्हती. मेसच्या कोल्ड रूममधून बटाट्याची पोती आणि पेप्सीचे क्रेट बाहेर काढून तुम्ही टर्क्या आत लावल्यात, सगळ्यात खालच्या फळीवर, म्हणजे पाणी गळलं तरी दुसऱ्या कशावर पडणार नाही. ती खालच्या फळीची गोष्ट माझ्या जुन्या पत्रकातली होती. तुम्ही ते सांगितलंत तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता ते आठवून जास्त वाईट वाटतं.

गुरुवारी सकाळी मी चार थर्मामीटर आणि नव्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन आले. मेसमध्ये मोठ्या टोपांमध्ये बर्फाचं पाणी, त्यात वेष्टनासकट सतरा टर्क्या. गुरुवारवाल्यांच्या पाच आत कोल्ड रूममध्येच. दर अर्ध्या तासाने पाणी बदलणं चालू होतं. बर्फ उतरलेले पक्षी तुम्ही तोडायला घेतले होते. तुमची पद्धत साधी होती: अख्खा पक्षी शिजवायचाच नाही. तुकडे करायचे, तंगड्या आधी टोपात, छातीचे तुकडे नंतर, आणि खोबऱ्याच्या वाटपाचा रस्सा. तुकडा लहान म्हणजे उष्णता आतपर्यंत जाते. रस्सा उकळतोय म्हणजे कच्चं राहायची भीती कमी. ओव्हन नसलेल्या माणसासाठी याच्याइतकी सुरक्षित पद्धत दुसरी नाही. हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मला ते दिसलंच नाही, कारण माझं लक्ष नळाकडे गेलं होतं.

तुम्ही टर्की धूत होतात. नळ सोडून, हळद-मीठ चोळून, पाणी चहूकडे उडत होतं, आणि हातभर अंतरावर सॅलडची चिरलेली काकडी उघडी पडली होती.

मी आधी फोटो काढला. आम्हाला तसंच शिकवलंय, आधी पुरावा, मग बोलणं. मग मी ओरडले. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत ओरडले. "काका, पढना आता है ना आपको?"

किचनमध्ये दहा-बारा माणसं होती. तुमच्या हाताखाली काम करणारी. तीन वर्षं माझं प्रत्येक पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाला मी हे विचारलं.

तुम्ही नळ बंद केलात. काकडीची ताटं स्वतः उचलून कचऱ्यात रिकामी केलीत, ओटा साबणाने धुतलात, वर क्लोरीनचं पाणी मारलंत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "न धुता मटान शिजवलय तर माझी आवस माका घरात घेवची नाय." पुढच्या टर्क्या तुम्ही धुतल्या नाहीत. पण तुम्हाला पटलं नव्हतं, आणि तो वाद आपण संपवला नाही. मला तो संपवायचा होता, काका. मला सांगायचं होतं की तुमच्या आईच्या वेळी कोंबडी परसातली असायची, समोर कापलेली, पिसं आणि माती लागलेली. ती धुणं बरोबरच होतं. ही कारखान्यातून साफ होऊन येते. धुण्याने ती जास्त स्वच्छ होत नाही, जंतू मात्र ओट्यावर येतात, आणि शिजल्यावर ते मरतातच. एवढं शांतपणे सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत. कदाचित नसतंतही. निदान भांडण बरोबरीचं झालं असतं.

पहिला टोप तयार झाला असं तुम्हाला वाटलं तेव्हा तुम्ही स्वतः मला बोलावलंत. छातीच्या तुकड्यात थर्मामीटरचा काटा नव्वदच्या वर गेला. सगळ्यात जाड तंगडीत घातला तर अडुसष्टवर थांबला. बाहेर सव्वाशे माणसं ताटं घेऊन उभी होती, कुणी यल्ला यल्ला, चला लवकर, करत होतं. तुम्ही टोपावर झाकण परत ठेवलंत आणि दारात जाऊन म्हणालात, "रुको. लडकी का कांटा अभी नहीं बोलता है." वीस मिनिटांनी काटा पंच्याऐंशीच्या पुढे गेला. मग प्रत्येक टोपाला तुम्ही मला हाक मारलीत. तासाभरापूर्वी मी तुमचा असा अपमान केला होता आणि तुम्ही सव्वाशे माणसांसमोर माझ्या काट्याचं ऐकलंत. तुम्ही दिवसभर मांस शिजवलंत आणि गुरुवार म्हणून रश्शाचा थेंबही जिभेवर ठेवला नाहीत. मीठ कसं कळलं विचारलं तर म्हणालात, वासाने. मीठ अगदी बरोबर होतं.

त्या दिवशी कुणी आजारी पडलं नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवारवाल्यांचंही झालं, तेव्हाही नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, आणि जाड अक्षरात छापा असं मंडळाला सांगणार आहे.

दोन आठवड्यांनी माझं पोस्टर आलं. स्वयंपाकघरातल्या पाच चुका. पहिल्या चुकीला तुमचा फोटो: नळ, टर्की, काकडी आणि दोन हात, वर मोठी लाल फुली. चेहरा मी कापला होता. चेहरा कापला की माणूस सुरक्षित, असा आमचा नियम. तुमच्या मनगटावर जत्रेत गोंदवलेली हिरवी अक्षरं होती, द त्ता, स्वच्छ वाचता येणारी. मला ती दिसली नाहीत. कॅम्प बॉसला दिसली. क्लायंटचं ऑडिट जवळ आलं होतं, त्यांना कुणालातरी काढून दाखवायचं होतं. तुम्हाला किचनमधून काढून गाद्या-चादरींच्या स्टोअरला टाकलं. तेवीस वर्षं स्वयंपाक केलेला आचारी, एका दुपारीत खलास.

आता मला राग येतो तो ऐका. ज्यांनी ओव्हन नसलेल्या माणसांना बर्फाचा दगड हातात दिला, त्यांचाही फोटो होता. हसतमुख, टर्कीसकट, कंपनीच्या पेजवर. त्यावर मी फुली मारली नाही. माझ्या हातात लाल रंग होता आणि मी तो सगळ्यात जवळच्या, सगळ्यात लहान माणसावर वापरला. मी स्वतःला कामगारांच्या बाजूची म्हणवते.

मला हे मार्चमध्ये प्रकाशकडून कळलं. मी सेफ्टी ऑफिसरला एक मेल केला. तो इन्शाल्ला, बघू, म्हणाला. साबणासाठी मी अकरा मेल केले होते, तुमच्यासाठी एक. त्यानंतर दोनदा स्टोअरमध्ये येऊन गेले. दोन्ही वेळा तुम्ही चहा दिलात. कसं काय विचारलं तर "बरा आसा, हय ऊन लागणा नाय" म्हणालात. मी उष्माघाताच्या पत्रकाबद्दल बोलले. तुम्ही ते वाचलंत, शेवटपर्यंत, आणि पहिल्यांदाच एकही दुरुस्ती सुचवली नाहीत. तेव्हाच मी बोलायला हवं होतं.

तुम्ही हार्टने गेलात. माझ्या पोस्टरमुळे गेलात असं मी म्हणणार नाही. एका ओळीत कारण आणि एका ओळीत परिणाम लिहायची मला सवय आहे, आणि ती सवय कुठे नेते ते मी पाहिलं आहे. पण शेवटचे दहा महिने तुम्ही चादरी मोजत होतात, हे खरं आहे, आणि ते माझ्यामुळे.

चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला. कणकवलीहून, तुमच्याच फोनवरून. सामानाबरोबर तो घरी पोचला होता. माझा नंबर तुम्ही 'पत्रकवाली' नावाने ठेवला होतात म्हणे. गावात कुणीतरी सुट्टीवर आलेल्याने सांगितलं होतं की दत्तारामच्या हातचं खाऊन कॅम्पात माणसं आजारी पडली, म्हणून त्याला किचनमधून काढला. तुम्ही घरी काहीच सांगितलं नव्हतं. काकू इतक्या हळू बोलत होत्या की मला फोन कानावर दाबून ऐकावं लागलं. "खरा सांग, बाय. त्यांच्या हातचा खावन कोणाक काय झाला हुता?"

मी म्हटलं, काकू, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते. मीटिंग नव्हती. मी आमच्या किचनमध्ये उभी होते.

नऊ दिवस मी तो फोन केला नाही. या नऊ दिवसांत सेफ्टी ऑफिसरचा मेल आला, या वर्षीही टर्की आहे, लीफलेट अपडेट करून द्या. मी नवीन लिहिलं आहे. खोलीत ओव्हन नसेल तर अख्खी टर्की शिजवू नका. तेलात सोडू नका. एसीसमोर ठेवलेली टर्की फ्रीजमध्ये नसते. बर्फाचं पाणी, दर अर्ध्या तासाने बदला. तुकडे करा, तंगड्या आधी. ही पद्धत दत्ताराम या आचाऱ्याची, असं खाली लिहिलंय. कंपनीने ती ओळ काढली तर मी पत्रक परत घेईन. पण 'धुऊ नका' ही ओळ ठेवली आहे. तुम्ही असतात तर तिच्यावरून पुन्हा कांदा परतत व्हॉइस नोट पाठवली असतीत. मी ती काढणार नाही. मेलेल्या माणसाला खूश करायला मी चुकीचं छापणार नाही, आणि तुम्हीही ते मान्य केलं नसतंत.

आज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, काकूंना फोन लावला. तुमच्या घरी तेराव्याची गर्दी होती, मागे भांडी वाजत होती. मी आधी माफी मागायला लागले तर त्या म्हणाल्या, आधी विचारलंय ता सांग. मग मी सांगितलं. बावीस पक्षी, बर्फाचं पाणी, तुम्ही झाकण ठेवून सव्वाशे माणसांना थांबवलंत ते. एकालाही काही झालं नाही ते. तुम्ही टर्की धूत होतात, ती चूक होती, मी दाखवल्यावर तुम्ही ती लगेच सुधारलीत. आणि तरी मी तो फोटो छापला, त्यावरून तुम्हाला काढलं.

मी शिव्यांची वाट पाहत होते. मला त्या हव्या होत्या.

"थांब," काकू म्हणाल्या. फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. कुणालातरी त्यांनी दटावलं, भांडी बंद पडली, आणि आवाज एकदम लांबून, मोकळ्या खोलीतून आल्यासारखा येऊ लागला.

"आता परत सांग. मोठ्यान सांग. हय सगळी बसली आसत."

मी आधी माझं नाव सांगितलं. मग पहिल्यापासून सुरुवात केली.